निळं पेट्रोल: माझ्या आरव्ही-९ए च्या इंधनाच्या नोंदी

बांधकामाची वही वेगळी आहे, रिव्हेट-रिव्हेटचा हिशेब तिथे आहे. ही वही फक्त पेट्रोलची. विमान व्हॅन्स कंपनीच्या किटवरून (घरी जोडायच्या सुट्या भागांवरून) बांधलेलं आरव्ही-९ए: शेजारी-शेजारी दोन जागा, पंख खाली, तिसरं चाक नाकाखाली, लायकमिंगचं १६० अश्वशक्तीचं ओ-३२० इंजिन. दोन्ही पंखांत १८-१८ गॅलनची एकेक टाकी. सध्या मुक्काम विस्कॉन्सिन, मूळ गाव सातारा जिल्ह्यात.

९ ऑक्टोबर २०२१

डावी टाकी परवा बंद केली. मागची भिंत प्रोसील (सांधे गळू नयेत म्हणून लावायचं लुकण) लावून रिव्हेट केली. आता आत जे राहिलं ते राहिलं. प्रोसील ज्याने हाताळलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. डांबर आणि काकवी यांचं पोर म्हणा. दोन भाग कालवले की दोनेक तास मिळतात. तेवढ्यात ते दाराच्या मुठीला, फोनला, चष्म्याच्या काडीला आणि कसं कोण जाणे, डाव्या कानालाही लागतं. हिने चहा गॅरेजच्या उंबऱ्यावर ठेवला आणि तिथूनच परत गेली.

काल गळतीची चाचणी घेतली. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, व्हेंटच्या (टाकीत हवा आत-बाहेर जाण्याच्या) नळीला लहान मुलांचा फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने हळूच दोन-चार वेळा हवा मारायची. फुगा टम्म राहिला तर टाकी पक्की. कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, पण लावू नये. टाकी म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, एक पीएसआय दाब तिला पुरे. जास्त गेला तर महिनाभराची मेहनत फुगून वाकडी होते. फुगा आधी फुटावा म्हणूनच तर तो बांधायचा.

रात्री अकराला फुगा टम्म होता. आज पहाटे बघतो तर सुरकुतलेला, वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी माळ्यावर सापडतो तसा. माझा चेहराही तसाच झाला असणार. दहाला ऊन गॅरेजच्या दारावर आलं आणि फुगा आपोआप पुन्हा टम्म. रात्री थंडीने हवा आक्रसली होती, एवढंच. तरी साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे फिरवलं, आणि बरं झालं फिरवलं. काट्याला माप देणारा जो फ्लोट आत असतो, त्याच्या झाकणाच्या एका स्क्रूपाशी मोहरीएवढे बुडबुडे येत होते, सावकाश, एकामागून एक. फुग्याला इतकी बारीक गळती दिसली नसती. स्क्रू काढून पुन्हा प्रोसील. कान पुन्हा काळा.

२० मे २०२३

आज टाकीत पहिल्यांदा पेट्रोल गेलं. त्याआधी मी स्वतःला पेटवून घेण्याच्या बेतात होतो.

टाकीचं माप घ्यायचं, म्हणजे रिकाम्या टाकीत मोजून दोन-दोन गॅलन ओतायचे आणि दर वेळी काटा कुठे येतो, डिपस्टिक (टाकीत बुडवून बघायची मापाची काडी) किती भिजते ते लिहायचं. त्यासाठी प्लास्टिकचे चार लाल कॅन पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकून विमानतळाच्या पंपावर गेलो. कॅन जड होणार, मग उचला-ठेवा कशाला, हौद्यातच भरू, असा विचार. नोझल उचललं तेवढ्यात शेजारच्या हँगरमधले आजोबा जवळजवळ पळत आले. वय ऐंशीच्या पुढे, एरवी ते कशासाठीही पळत नाहीत. एक शब्द न बोलता त्यांनी नोझल माझ्या हातातून काढून परत अडकवलं आणि चारही कॅन उचलून जमिनीवर ठेवायला लावले.

मग सांगितलं. पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. कॅन जमिनीवर असला तर ती जमिनीत उतरते. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर होतं, त्यावर ठेवलेल्या कॅनमधून ती उतरायला वाट नाही. साठत जाते, आणि नोझल कॅनच्या तोंडाजवळ आलं की ठिणगी पडते, नेमकी जिथे वाफ असते तिथे. कॅन लोखंडी असला तरी अस्तरावर तेच. म्हणून कॅन जमिनीवर, नोझल कॅनच्या कडेला टेकलेलं, आणि भरेपर्यंत टेकलेलंच. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हे सगळं मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. तरी कॅन हौद्यातच होते.

विमानाला अर्थिंगची वायर लावायची तीसुद्धा टाकीची टोपी उघडायच्या आधी, आणि काढायची टोपी लावल्यावर. चिमटा रंगावर लावून उपयोग नाही, उघडा धातू हवा. मी एक्झॉस्टच्या पाइपाला लावतो, अर्थात तो गार असताना. माझी टाकी ॲल्युमिनियमची आहे म्हणून हे सोपं. फायबरग्लासच्या विमानात टाकीच्या तोंडापासून वायर बांधणाऱ्याने मुद्दाम ओढली नसेल तर चिमटा कुठेही लावा, शोभेचाच.

पेट्रोलचा रंग निळा. १०० एलएल, म्हणजे हे विमानाचं पेट्रोल, नेहमी निळंच असतं, तसा रंगच घालतात. मला मात्र पहिल्यांदा आठवलं ते रेशनचं रॉकेल. आजी रांगेत उभी करायची, पत्र्याचा डबा आणि कार्ड देऊन, आणि दुकानदार मापाने ते निळं रॉकेल ओतायचा. एलएल म्हणजे लो लेड, कमी शिसं, पण शिसं आहेच, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वरपर्यंत. हातमोजे घालावेत, आणि डबा खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

आता मापाचं. हा दिवसभराचा खेळ झाला आणि त्यातून जे निघालं ते सगळ्या आरव्हीवाल्यांनी लिहून ठेवण्यासारखं आहे. विमान पाणसळीत उभं केलं. पंप बरोबर मोजतोय का ते बघायला प्रत्येक ओतीआधी कॅन वजनकाट्यावर ठेवला: गॅलनला सहा पौंड. पहिले दोन गॅलन ओतले, डिपस्टिक कोरडी. चार गॅलन, कोरडी. मला वाटलं टाकी गळतेय, खाली वाकून पाहिलं. पाच झाल्यावर कुठे टोक भिजलं. कारण साधं आहे. पंख बाहेरच्या बाजूला वर चढत जातात आणि टाकीचं तोंड बाहेरच्या टोकाला आहे, तेव्हा पेट्रोल आतल्या कोपऱ्यात, काडी बाहेरच्या. काडी कोरडी म्हणजे टाकी रिकामी नव्हे. पाच गॅलनपेक्षा कमी आहे, एवढंच ती सांगते. काट्याचं उलट. फ्लोट आतल्या बाजूला, तो १५ गॅलनलाच वर जाऊन छताला टेकतो. त्यापुढचे तीन गॅलन ओतले तरी काटा ढिम्म. थोडक्यात डिपस्टिक खाली आंधळी, काटा वर आंधळा. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण शाळेत वाचली तीच इथे, दोघांना एकमेकांच्या खांद्यावर बसवूनच काम होतं.

डिपस्टिक मी लाकडाच्या गोल दांडीची केली, खाचा कानशीने पाडल्या. शेजाऱ्यांची तयार काडी मिळत होती, पण ती त्यांच्या विमानाची. उजव्या टाकीच्या खाचा डावीपेक्षा किंचित वेगळ्या निघाल्या, म्हणून काडीच्या एका टोकाला डा, दुसऱ्याला उ.

गॅलनचा आकडा अजून माझ्या अंगात मुरत नाही. मनात लिटर चालू असतात. ३६ गॅलन म्हणजे १३६ लिटर, म्हणजे ९८ किलो. हे मी मनातल्या मनात करत होतो आणि एकदा चुकलोही. मग ठरवलं, या विमानात लिटर हा शब्द नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोईंग ७६७ याच गोंधळात ४१ हजार फुटांवर कोरडं पडलं होतं. हवे होते २२,३०० किलो. टाकीत ७,६८२ लिटर असल्याचं काडीने बरोबर सांगितलं. पण लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायच्या ऐवजी १.७७ ने गुणलं, तो आकडा पौंडांचा. २०,००० लिटरच्या वर भरायला हवं होतं, तिथे पाच हजारांहून कमी भरलं. सुदैवाने कॅप्टन ग्लायडर चालवणारा निघाला आणि त्याने ते धूड गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत आणून टेकवलं, सगळे वाचले. तिथे माणसं हुशार होती, काडी बरोबर होती. तरी.

१७ जून २०२३

इंजिनापर्यंत पेट्रोल पुरेसं पोचतं का, त्याची चाचणी. पूर्ण ताकदीला इंजिन तासाला साधारण १४ गॅलन पितं. पंपाने त्याच्या सव्वापट, म्हणजे साडेसतरा तरी यायला हवं, तेही नाक वर असताना, उड्डाणात असतं तसं. नाकाचं चाक फळ्यांवर चढवलं, कार्बुरेटरची नळी सोडून कॅनमध्ये धरली, आगीचा सिलिंडर जवळ, मुलीच्या हातात स्टॉपवॉच. एक गॅलन दोन मिनिटं पाच सेकंदांत. म्हणजे तासाला २८ च्या वर. दुसऱ्या टाकीचंही जवळपास तेवढंच.

पण कॅनच्या तळाशी जे आलं ते बघून उत्साह मावळला: ड्रिलचे चमकते केस, प्रोसीलचे तीन काळे कण आणि निळ्या टेपचा एक तुकडा. टाकी बंद करण्याआधी मी ती तीनदा पुसली होती. आता पहिले दहा तास दर उड्डाणानंतर चाळणी उघडून बघायची.

डावी-उजवी टाकी बदलायचा कॉक दोन सीटांच्या मध्ये, पुढे, हाताशी आहे. आज बसल्या बसल्या डोळे मिटून तो वीस वेळा फिरवला. बजाजच्या स्कूटरवर गुडघ्याजवळ हात घालून रिझर्व्ह लावायचो तसा तो न बघता लागला पाहिजे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला मॉन्टेरेच्या समुद्रात पडला तो अशाच घरी बांधलेल्या लाँग-ईझी विमानातून. बांधणाऱ्याने कॉक पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, त्यावर खुणा नव्हत्या, आणि मागे वळून तो फिरवताना पाय रडरच्या (शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या) पेडलवर दाबला गेला, असा चौकशीचा निष्कर्ष. विमान त्याने दुसऱ्याने बांधलेलं विकत घेतलं होतं. निघताना टाकी भरून घेतली नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. स्कूटर आडवी करून पुढच्या पंपापर्यंत जाता येतं. इथे ती सोय नाही.

५ ऑगस्ट २०२३

पहिलं उड्डाण ८ जुलैला झालं, ते दुसऱ्या वहीत.

काल संध्याकाळी दोन्ही टाक्या काठोकाठ भरून विमान आत ढकललं. आज दुपारी हँगर उघडला तर पेट्रोलचा भपकारा आणि डाव्या पंखाखाली फरशीवर ओला डाग, कडेला निळी रेघ. गळती! रिव्हेट तपासत अर्धा तास घालवला. शेवटी व्हेंटच्या नळीच्या टोकाला एक थेंब लटकताना दिसला. भरलेलं पेट्रोल गार होतं, हँगर तापला, पेट्रोल फुगलं. अंशाला हजारात एक भाग फुगतं म्हटलं तर ६८ लिटरला १५ अंशांनी एक लिटर होतं. (लिटर! बघा, सवय.) बोटभर जागा ठेवून भरलं तर हे होत नाही. हँगरमध्ये हीटर, फ्रिज किंवा शेगडी असेल तर हा एक लिटर साधा विषय नाही.

२ सप्टेंबर २०२३

उजव्या व्हेंटमध्ये कुंभारणीने घर केलं. तीच ती, भिंतीवर चिखलाची सुगडं करणारी माशी. चार दिवस विमान जागेवर होतं, तेवढे तिला पुरले. नळीच्या तोंडात मातीचा बूच, बोटाने घासलं तर भुगा. असंच उडालो असतो तर टाकीतलं पेट्रोल कमी होताना हवा आत आली नसती, आत पोकळी होत गेली असती, आणि कुठेतरी इंजिनाने मान टाकली असती किंवा पत्रा आत बसला असता. आणि काटा मात्र अर्धी टाकी दाखवत राहिला असता.

टोपी उघडून, व्हेंटच्या टोकाला पारदर्शक नळी लावून हलकेच फुंकलं. आत बुडबुड हवा गेल्याचं ऐकू आलं तेव्हा समाधान झालं. आता दोन्ही व्हेंटना जाळी, आणि उभं असताना लाल फडकं लावलेली खुंटी. खुंटी काढायची राहिली तर कुंभारीण परवडली, म्हणून दोन्ही खुंट्यांना एकच लांब दोरी बांधली आहे, ती पंख्यावरून जाते.

२१ ऑक्टोबर २०२३

आजची नोंद लिहायला लाज वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

चाळीस तासांची चाचणी-उड्डाणं संपली, आज पहिल्यांदा लांब गेलो. शंभरेक मैलांवरच्या एका लहान विमानतळावर उतरलो, पेट्रोल भरलं. कार्ड घातलं, विमानाचा नंबर टाकला, अर्थिंगचा चिमटा लावला, पंखाच्या पुढच्या धारेवर जुना टॉवेल टाकला (नळी रंगावरून घासत जाते, पहिल्याच महिन्यात एक चरा मिळालाय). उजवी भरली, टोपी लावली. डावी भरली. नोझल बाहेर काढतोय तोच मागून आवाज आला: हे तुम्ही स्वतः बांधलंत?

एक माणूस, सोबत सातआठ वर्षांचा मुलगा. ज्याने पावणेतीन वर्षं गॅरेजमध्ये घालवली आहेत त्याला हा प्रश्न विचारला की तो माणूस संपला. टोपी तोंडावर ठेवली आणि रिव्हेट कसे मारतात ते सांगायला लागलो. पोराला कॉकपिटमध्ये बसवलं. त्याने स्टिक हलवली, पंखाचा ऐलेरॉन वर-खाली झाला, त्याचे डोळे एवढे मोठे. दहा मिनिटं गेली. चिमटा काढला, नळी गुंडाळली, निघालो.

आमच्या टोपीला वर एक चपटी पट्टी असते. टोपी बसवायची, फिरवायची, आणि पट्टी खाली दाबून पत्र्याला समतल करायची. मग ओ-रिंग (रबराचं कडं) पसरते आणि तोंड बंद होतं. मी टोपी बसवली होती. पट्टी उभीच होती.

दहाएक मिनिटांनी ऊन डावीकडून आलं आणि पंखावर काहीतरी चमकलं. टोपीपासून मागच्या धारेपर्यंत ओली रेघ, फडफडणारी, कडांना निळसर. आधी वाटलं उन्हाचा खेळ. मग काट्याकडे पाहिलं. डावीचा काटा वर आंधळा, पण आता तो उतरायला लागला होता, माझ्या डोळ्यांदेखत. पंखावर हवेचा दाब कमी असतो, तो वरून ओढतो. खालच्या व्हेंटमधून वाऱ्याचा दाब आत येतो, तो खालून ढकलतो. टाकीला याहून सोपं काय!

उजवीवर कॉक फिरवला, पंप चालू केला, वळलो. हात थरथरत नव्हते, ते उतरल्यावर थरथरले. डाव्या टाकीत १८ होते, मोजले तर साडेबारा. दोनेक गॅलन इंजिनाने घेतले असतील, बाकी साडेतीन गॅलन मी त्या काउंटीला वाटले. तो माणूस आणि मुलगा अजून तिथेच होते. मुलाने विचारलं, विसरलात का काही? मी हो म्हणालो.

आता भरताना कोणी बोलायला आलं तर नोझल जागेवर ठेवतो, मनसोक्त बोलतो, आणि नंतर पहिल्यापासून सुरुवात करतो, अर्थिंगपासून. सीटवर बसण्याआधी दोन्ही टोप्यांवरून तळहात फिरवतो. पट्टी वर असेल तर ती हाताला टोचते, डोळ्यांना चुकते. आणि पंपाची पावती खिशात घालण्याआधी वाचतो: माझ्या हिशेबाने जेवढं जायला हवं होतं तेवढंच गेलं का? जास्त गेलं असेल तर इंजिन जास्त पितंय किंवा कुठेतरी सांडतंय. कमी गेलं तर टाकी भरलेलीच नाही.

२७ जानेवारी २०२४

उणे १८. फ्लीसचं जॅकेट काढताना चटचट ठिणग्या उडाल्या, तेही पेट्रोलच्या पंपापाशी. थंडीत पेट्रोल पेटत नाही, हा समज चुकीचा आहे. याची वाफ उणे ४० च्या आसपासही पेट घेते. आता वरून सुती कोट, आणि चिमटा लावण्याआधी उघड्या हाताने धातूला स्पर्श. बोटं चिकटतात. चालेल.

१३ एप्रिल २०२४

दोन दिवस पावसात विमान बाहेर बांधलेलं होतं, हँगरचं दार अडकलंय. आज उड्डाणाआधी टाकीच्या तळाचा नमुना काचेच्या नळीत घेतला. पाण्याचा थेंब खाली बसलेला दिसतो का, हे बघायचं असतं. एकही थेंब नाही, काचेसारखं स्वच्छ. खूश होऊन ओतून देणार, तेवढ्यात उजव्या टाकीचा नमुना घेतला आणि दोन्ही शेजारी धरले. उजवा निळा. डावा पांढरा. डाव्या नळीत थेंब दिसत नव्हता कारण अख्खी नळी पाण्याची होती. वास घेतला, कसलाच नाही.

अडीच नळ्या पाणी निघाल्यावर निळं यायला लागलं. पंख हलवले, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा काढलं, आणखी चमचाभर. दोष टोपीच्या मधल्या दांड्यावरच्या ओ-रिंगचा. हिवाळ्यात ती टणक झाली होती. बाहेरची मोठी ओ-रिंग सगळे बदलतात, ही बारीक कोणाला आठवत नाही. दोन्ही टोप्यांच्या दोन्ही बदलल्या, पेट्रोलला दाद न देणारं ग्रीस लावलं. नमुना बघायची जागाही ठरवली: पांढऱ्या पंखासमोर धरून, आणि रंग आधी, थेंब नंतर. काढलेलं पेट्रोल गवतावर फेकत नाही, कॅनमध्ये साठवून गवत कापायच्या यंत्राला देतो. तेवढं शिसं गवतावर कशाला.

१८ मे २०२४

मोठ्या विमानतळावर टँकरवाला मुलगा येऊन भरून देतो. मी आत पैशांचं बघायला गेलो असतो, पण ऑक्टोबरपासून टाकी उघडी असताना मी हलत नाही. टँकर आला, पोरगा उतरला, नळी ओढली. नोझल गोल, नेहमीसारखं. टोपी मी उघडली. आणि नाकाला काहीतरी लागलं.

रॉकेल. सातारा, रेशन दुकान, आजीचा स्टोव्ह, सगळं एका श्वासात.

हात आडवा घातला. टँकरवर काळ्या पट्टीत जेट ए लिहिलेलं. जेटचं इंधन म्हणजे रॉकेलच, जवळपास. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं आणि पेट्रोल वेगळं. इथे पेट्रोल निळं आणि रॉकेल पाण्यासारखं किंवा किंचित पिवळसर. माझ्या इंजिनात ते गेलं असतं तर गंमत अशी की इंजिन सुरू झालं असतं. नळ्यांमध्ये आधीचं पेट्रोल असतं ना. धावपट्टीपर्यंत गेलो असतो, उडालोही असतो, आणि मग पूर्ण ताकदीवर आतल्या आत ठोके पडून पिस्टन गेले असते.

जेटचं नोझल रुंद, बदकाच्या चोचीसारखं चपटं असतं आणि पेट्रोलच्या टाकीचं तोंड अरुंद, म्हणजे ते शिरूच नये. हवाई कसरतींचा उस्ताद बॉब हूव्हर याच्या विमानात असंच चुकीचं इंधन भरलं गेलं, तेव्हापासून त्याने या चोचीचा आग्रह धरला, तिला त्याचंच नाव आहे. पण या टँकरवरून हेलिकॉप्टरही भरतात, त्यांचं तोंड लहान, म्हणून इथे गोल नोझल लावलेलं. पोरगा घाबरून माफी मागत होता. मी म्हटलं, चूक माझीही: फोनवर मी नुसतं ‘दोन्ही टाक्या फुल’ एवढंच सांगितलं होतं, कशाने ते सांगितलं नव्हतं. आता दोन्ही टोप्यांशेजारी ठळक ‘१०० एलएल’ रंगवून घेतलंय.

शंका आली तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. पेट्रोल उडून जातं, रॉकेलची तेलकट कडी राहते. पुण्यात पेट्रोल पंपावर भेसळ बघायला फिल्टर पेपर मागायचो, तीच युक्ती.

३ ऑगस्ट २०२४

दादा साताऱ्याहून आलाय. ओशकोशची विमानांची जत्रा दाखवली; घरी बांधलेल्या विमानांच्या रांगा बघून म्हणाला, कांदिवलीला गच्चीवर बांधलेलं ते अमोल यादवांचं इथे का नाही? मग दोन दिवस तोच विषय.

आज त्याला मदतीला घेतलं. चिमटा लावायचं काम त्याचं. त्याने तो आधी रंगावर लावला, मी काही न बोलता एक्झॉस्टकडे बोट दाखवलं, तो म्हणाला, शाळेत मी तुला फिजिक्स शिकवलंय. भरणं झालं, टोप्यांवरून त्याने तळहात फिरवला, मीही फिरवला.

मी पावती आणायला गेलो तेवढ्यात त्याने माझी डिपस्टिक घेतली, खिशातलं पेन काढलं आणि खाचांच्या मागच्या बाजूला एकेक आकडा लिहिला: १९, ३८, ५७. वळणदार मास्तरी अक्षरात, खाली ‘लि.’ आडवी रेघ मारून.

“तुला गॅलन समजत नाहीत म्हणून,” म्हणाला.

हँगरमध्ये आल्यावर पॉलिश पेपर काढला आणि घासून टाकलं. दादा रुसून बाहेर खुर्चीवर बसलाय. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन वापरायची मनाई झाली म्हणे. काडीवर अजून पुसट ५७ दिसतोय, उद्या बारीक पेपर आणतो.